जवसाच्या तेलातली फटफटी

हसायचं नाही हां, आधीच सांगून ठेवतो! चहाचा ठसका लागला तं मी जबाबदार नाही.

आमचं गाव चांदूर रेल्वेजवळ. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलबंडी रुतून बसते, तिथं फटफटीचं काय घेऊन बसले? माझे सासरे धामणगावचे. पाऊस लागला की त्यायची फटफटी चार महिने घरात. त्या वर्षी त्यायचं घर गळत होतं, अन् माझं कापसाचं कोठार कोरडं. गाडी माझ्या हवाली करून म्हनले, "जवाईबापू, गंज चढू देऊ नका. दसऱ्याले येतो. पयल्यासारखी सुरू झाली, तं गाडी तुमची!"

आता मले झोप येईन? रात्रंदिवस डोक्यात एकच, गंज! जराशी सर्द हवा सुटली की मी कंदील घेऊन कोठारात. अन् आपल्याकडं पावसाळ्यासाठी बंडीच्या लाकडाले काय चोपडते? जवसाचं तेल! मंग काय, चाकाले जवस, साखळीले जवस. इंजिनाचं बूच काढून पोटातही अर्धा लोटा ओतला!

बायको म्हने, "अवो, बाबाले विचारा ना एकदा."

"बंडी काय तुह्या बाबानं शिकवली मले?"

दसऱ्याच्या सकाळी किक मारली. ढिम्म! दोन्ही पायांनी किकवर उभा राहिलो. हाले तं शपथ! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जवसाचं तेल वाळलं की घट्ट थर धरते, म्हनून तं ते बंडीवर टिकते! अन् तेवढ्यात दारात सासरे!

"हं, मारा किक!"

"मामाजी, आज पूजा हाय ना! पूजेतल्या यंत्राले हात नाही लावत." घाईघाईनं झेंडूचा हार घातला.

"बरं. संध्याकाळी सोनं वाटलं की मंग पाहू."

पुरणपोळी खाऊन ते घोरू लागले. मी मागच्या दारानं बैल काढले, फटफटीले दोर बांधला, गिअर टाकला. म्हनलं, ओढली की चाक फिरन, इंजिन सुटन. चाक कायचं फिरते! झेंडूचा हार पाहून बैल बिथरले अन् निघाले सुसाट! मी हँडल धरून ओरडून राहिलो, मागचं जाम चाक माती उकरत चाललं. थांबले ते थेट सोनं लुटाले जमलेल्या गावापुढं.

आरडाओरड्यानं उठून मागं धावलेले सासरे गर्दीतून पुढं आले. खाली बसून त्यायनं चाकानं नांगरासारखं पाडलेलं तास पाह्यलं, माती चिमटीत धरली.

"ओल मस्त हाय. गाडी तुमची, जवाईबापू."

"पन मामाजी, सुरू कुठं झाली?"

"दोन बैलावर चालते की! तासबी सरळ धरते. हरभरा पेरून घ्या."

मागून बायको म्हने, "हरभरा काहून, बाबा? जवसच पेरू द्या. पुढच्या पावसाळ्याले तेल लागन!"