डी ड्राईव्हचा भरवसा

आमच्या कर्जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना किंवा गुरुजींना विचारा, कॉम्प्युटरबद्दल एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक असते. सी ड्राईव्हमध्ये काही ठेवायचं नाही. सी यंत्राचा, डी आपला. पंधरा वर्षांपूर्वी पहिलं यंत्र घेतलं तेव्हा दुकानदाराने वायरी जोडायच्या आधी मला हे सांगितलं होतं, "मॅडम, फॉरमॅट मारला की सी जातो. डीला धक्का लागत नाही." त्यानंतर आमच्याकडे चारदा फॉरमॅट मारला गेला आणि चारही वेळा डी जसाच्या तसा राहिला. शाळेचे निकाल, पोषण आहाराचे तक्ते, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं डीमध्ये. माझा डीवर जेवढा भरवसा होता तेवढा नवऱ्यावर नव्हता, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

म्हणून मामांचा आवाजही मी डीमध्येच ठेवला.

मामा म्हणजे माझे सासरे. घरची कोरडवाहू जमीन, चार म्हशी, आयुष्यभर तेवढंच काम. पण माणसं त्यांना ओळखत ती हगाम्यामुळे. आमच्याकडे यात्रेत कुस्त्या होतात त्याला हगामा म्हणतात, आणि हगाम्याला पैलवान लागतात तसा माईक धरणारा माणूसही लागतो. कोणाची कुस्ती कोणाशी, कोण कुठल्या तालमीचा, पंच कोण, हे सगळं बिनकागदाचं सांगणारा. मामा खर्ड्यापर्यंतच्या यात्रा करत. एरवी घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. माईक हातात आला की गडी तीन तास थांबायचा नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा हगाम्याला मामांचं बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं हा दुसराच कुणीतरी आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. नगरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. उजवा हात थोडाफार परत आला, बोलणं आलं नाही. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. पाणी हवं असलं तरी घशातून नुसता आवाज यायचा आणि मग रागाने ते भांडं ढकलून द्यायचे. तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, यांच्या आवाजातलं काही आहे का, पाठ असलेलं? गाणं, भजन? भजन मामांनी कधी म्हटलं नव्हतं. मला हगामा आठवला. यात्रेच्या स्पीकरवाल्याने त्याच्या फोनवर चार हगामे रेकॉर्ड केले होते आणि मी ते एका पेनड्राईव्हवर घेऊन डीमध्ये टाकले होते. बरं झालं घेतले, कारण त्याचा तो फोन पुढे विहिरीत गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मामा ओसरीतल्या खुर्चीवर बसायचे, मी लॅपटॉपवर त्यांचं रेकॉर्डिंग लावायची आणि ते त्या आवाजाच्या मागोमाग बोलायचे. आवाज पुढे, मामा मागे. पहिले तीन महिने नुसते ओठ हलले. मग "पैलवान" आला. मग "मंडळी". वर्षभरात अर्धी अर्धी वाक्यं यायला लागली, पण रेकॉर्डिंग चालू असेपर्यंतच. ते थांबलं की मामाही थांबायचे. तरी ते त्या वेळेची वाट बघायचे. मला शाळेतून यायला उशीर झाला तर खुर्ची लॅपटॉपपाशी ओढून बसलेले असायचे.

आणि तो लॅपटॉप मरायला टेकला होता. चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी या यंत्रावर बसणार नाही असं कळलं. नवरा म्हणाला, नवीन घे. मी म्हणाले, चांगलं चालतं यंत्र मी फेकणार नाही. मी हट्टी आहे. शाळेतल्या एका प्रशिक्षणात लिनक्सबद्दल ऐकलं होतं, विंडोजच्या जागी बसतं, फुकट असतं, जुन्या यंत्रावरही पळतं. आठ दिवस व्हिडिओ बघितले, वहीत पायऱ्या लिहून काढल्या. लिनक्स भरायला पेनड्राईव्ह हवा होता. घरात होता तो एकच, हगाम्याचा. त्यातलं सगळं डीमध्ये आहेच म्हणून मी तो मोकळा केला.

रविवारी सकाळी बसले. पेनड्राईव्ह लावला, यंत्र सुरू झालं आणि मला अक्षरशः आनंदाने ओरडावंसं वाटलं. पंखा घरघरत नव्हता. वायफाय सापडलं. ज्या प्रिंटरने मला वर्षभर रडवलं होतं तो आपणहून जोडला गेला. मग पडद्यावर प्रश्न आला: जुनं ठेवून त्याच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? जुनी विंडोज मला नकोच होती. डिस्क म्हणजे सी, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की दुसरा विचारच शिवला नाही. पुसा म्हटलं. नक्की का, असं त्याने परत विचारलं. मी मनात म्हणाले, किती विचारतोस बाबा, आणि हो दाबलं.

वीस मिनिटांत काम झालं. सुंदर, स्वच्छ डेस्कटॉप. मी फायली उघडल्या आणि डी शोधायला लागले. सी नव्हता, ते ठीक. डी पण नव्हता. दहा वेळा शोधला. तेव्हा कळलं की सी आणि डी ही दोन भांडी नव्हतीच कधी, एकाच भांड्यात आडवी पट्टी टाकलेली होती, आणि मी अख्खं भांडं घासून ठेवलं होतं.

शाळेच्या कागदांचं दुःख नव्हतं. ते केंद्रप्रमुखांकडे, ग्रुपवर, कुठे कुठे होतेच. मामांचा आवाज कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी मामा खुर्चीवर येऊन बसले. मी सांगितलं, "मामा, नवीन सिस्टीम बसवतेय, आज राहू द्या." त्यांनी मान हलवली आणि तरी तासभर तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, दुरुस्तीला द्यायचंय. तिसऱ्या दिवशी काही म्हणायच्या आधीच ते उठून गेले. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या रात्री मी जेवले नाही.

दुकानदाराकडे गेले तेव्हा त्याने आधी कपाळाला हात लावला. "मॅडम, आम्ही सांगायचो डीला धक्का लागत नाही, ते आमच्या हाताने फॉरमॅट मारताना. तुम्ही तर अख्खी डिस्क दिली." मग म्हणाला, "आता हे यंत्र चालू करू नका. जेवढं वापराल तेवढं जुन्यावर नवं लिहिलं जाईल." डिस्क जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी होती म्हणून थोडी आशा होती. पुसल्यावरही डिस्कवर जे पडून असतं ते वेचून आणणारा प्रोग्रॅम लिनक्सवरच मिळतो, हेही त्यानेच सांगितलं. ज्याने बुडवलं त्याच्याच दारात मदतीला जायचं होतं. खरं तर बुडवलं मीच, लिनक्सने दोनदा विचारलं होतं.

मग माळ्यावरचा जुना डेस्कटॉप, आमचं ते पहिलं यंत्र, खाली काढला. धूळ झाडली, त्यावर लिनक्स बसवलं, लॅपटॉपची डिस्क काढून त्याला जोडली आणि वेचलेलं ठेवायला एक नवी डिस्क आणली. आमच्याकडे वीज जाते म्हणून टीव्हीचा इन्व्हर्टर काढून त्याला लावला. नवऱ्याने टीव्ही नाही म्हणून एक शब्द काढला नाही, त्यावरून मी काय करून ठेवलंय हे त्याला समजलं होतं.

दोन दिवस यंत्र वेचत होतं. हजारो फायली आल्या, पण एकीलाही नाव नाही. नुसते आकडे. फोटो बघून तरी कळतात. आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. नऊशेच्या वर आवाजाच्या फायली होत्या आणि मला साडेदहाला शाळेत हजर व्हायचं होतं.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, तेव्हा खरं सांगावं लागलं. मला वाटलं बोलतील. त्या म्हणाल्या, "मला कुटं दाबायचं ते दाव."

आत्या चौथी शिकलेल्या. आकडे वाचता येतात. मी त्यांना माऊस धरायला शिकवला, एक पाटी आणि खडू दिला. मामा दुपारी झोपले की आत्या आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायच्या. मी घरी आले की हिशेब द्यायच्या, "पोरांच्या कविता हायत, त्या लई हायत. एक बाई सारखी हॅलो हॅलो करती. कुनाच्या तरी लग्नातला बँड हाय. ह्यांचा न्हाई." पाटीवर तपासलेल्या आकड्यांच्या रांगा असायच्या. पाचव्या दिवशी मी आले तर पाटीवर एकच आकडा होता, त्याला गोल केलेला. आत्यांचे डोळे सुजलेले.

"ह्ये त्येच. पर मदीच तुटतंय."

ऐकलं. मिनिटभराचा तुकडा होता. बाकीचं माझ्या नव्या, सुंदर लिनक्सखाली गाडलं गेलं होतं. पुढचे चार दिवस उरलेल्या सगळ्या फायली ऐकल्या. दुसरं काही निघालं नाही. चार हगाम्यांचे बारा तास, त्यातला एक मिनिटाचा तुकडा. आत्यांनी तो इतक्यांदा ऐकला की त्यांना तो पाठ झाला.

मामांना सांगायचं मी ठरवलं आणि दोन दिवस टाळलं. तोवर जुन्या डेस्कटॉपला घरातली जागा दिली. ओसरीच्या कोनाड्यात तो उभा केला, दोन डिस्का लावल्या, एकीवरचं रोज सकाळी सहाला आपोआप दुसरीवर उतरेल असं केलं. घरातल्या फोनवरचे फोटो वायफायवरून तिथे यायला लागले. हे सगळं मी नीट केलं, वहीत लिहून, दोनदा तपासून, आणि प्रत्येक पायरीला मला वाटत होतं की हे पंधरा दिवस आधी केलं असतं तर.

मग एका संध्याकाळी मामांना हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं. आत चुलीपुढे आत्या भाकरी थापत होत्या. मी खाली जमिनीवर बसले. "मामा, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. दुरुस्तीबिरुस्ती काही नव्हती, मी खोटं बोलले. चारी हगामे गेले. एक मिनिटाचा तुकडा राहिलाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत राहिले. जबडा हलत होता. ते रडतात की चिडलेत हे मला कळेना, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते मलाच झेलायचं होतं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट कोनाड्याकडे केलं. लाव.

मी लावलं. खरखर, हलगी, आणि मग तो मोठा, उमदा आवाज. "मंडळी, पंच आत आल्यात. दोन्ही पैलवानांनी माती लावून घ्यावी." मामांचे ओठ मागोमाग निघाले. पंधरा दिवसांत जीभ जड झाली होती, "पैलवान" अर्धाच आला. "वस्तादांना इनंती हाय, आखाड्याच्या भाईर थांबा." मामा मागे पडत होते, आवाज पुढे जात होता. माझं लक्ष पडद्यावरच्या सेकंदांवर होतं, कारण तो कुठे तुटणार हे मला माहीत होतं आणि तोंड फिरवून घ्यावंसं वाटत होतं. "म्होरच्या मंडळींनी खाली बसून घ्या. मागं आयाबाया उभ्या हायत, त्यांनाबी..."

तुटलं. मामांचे ओठ अजून "खाली बसून" वरच होते. ते तसेच पुढे आले, अडखळत, "मा... मागं... आया... बाया," आणि "त्यांनाबी" पाशी येऊन थांबले. पुढे आवाज नव्हता. त्यांनी कोनाड्याकडे बघितलं. मी हात जोडले. दुसरं काय करणार.

मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मानेच्या शिरा फुगल्या. मग त्यांच्या स्वतःच्या, आजच्या, फाटक्या आवाजात शब्द आले.

"दिसू... द्या."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. तो तुकडा कुठे तुटतो हे आत्यांना पाठ होतं. पिठाच्या हातांनी त्या दारात आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि परत म्हणाले, या वेळी सलग, "दिसू द्या."

तव्यावरची भाकरी करपली. ती मी खाल्ली.