मुलगी आणि नारळ

ऐका, हे मी आजवर आईला सांगितलेलं नाही, दादाला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय ते विचारू नका. परवा जळगावला कार्यक्रम झाला तेव्हापासून हेच ओठांवर येतंय, आणि आत्ता बोलले नाही तर परत कधी बोलायची नाही. मी मला ओळखते.

मी जॅझ गाते. हो, बोदवडची मुलगी आणि जॅझ! हसा, सगळेच हसले होते. पण गाते ती आपलीच गाणी. आईच्या तरुणपणी धुळ्याचा एक ऑर्केस्ट्रा गावोगाव वाजवायचा — दारूवरची, मुलींना शाळेत घाला म्हणणारी, हुंड्यावरची गाणी. पानटपरीवरसुद्धा त्यांच्या कॅसेट लागायच्या. ‘पोर शे मनी, सौदा नही’ हे त्यातलं माझं सगळ्यात लाडकं. पोर आहे माझी, सौदा नाही! मूळ गाणं धडाधडा पळणारं, नाचायचं. मी त्याची लय निम्म्यावर आणली. ठेका पुढे जातो, मी मागे रेंगाळते, शब्द ओठांवर धरून ठेवते, खालून सॅक्सोफोन हळूच काहीतरी विचारतो — आणि ‘सौदा’ म्हटलं की ड्रम्स एकदम गप्प! अंगावर काटा येतो हो, माझ्यासुद्धा, दर वेळी. पुण्यात लोक उठून उभे राहिले होते, ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही असे लोक!

बघा, कशी वाहवत गेले. सांगायचंय ते हे नाही.

या गाण्याआधी मी लोकांशी थोडं बोलते. ‘आमच्या दादाचं लग्न मुलगी आणि नारळ एवढ्यावर झालं,’ असं सांगते. टाळ्या पडतात, दणकून. आणि दादापुरतं ते खरंही आहे. चाळीसगावला वहिनीच्या घरी बैठक बसली तेव्हा भर मंडळींत त्याने हात जोडून सांगितलं होतं, “आबा, मुलगी आणि नारळ. बाकी काही द्याल तर मी बोहल्यावर चढणार नाही.” आबा म्हणजे वहिनीचे वडील, शाळेतले मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले — खोटं कशाला बोलू? केवढा अभिमान वाटला मला भावाचा!

मग मी तो फोन का केला?

तेव्हा आमची वाद्यं भाड्याच्या टेम्पोतून जायची. धुळ्याच्या एका कार्यक्रमाला टेम्पो वाटेतच बंद पडला, आणि वाट बघून बघून लोक उठून गेले. किती रडले होते मी त्या दिवशी! मला गाडी हवी होती. मागची सीट पाडली की ड्रम्स आणि माणसाएवढं उंच डबल बास आत बसेल अशी मोठी. एवढंच. एवढंच? बघा, अजून जीभ कशी वळते माझी! बैठक झाली आणि काही दिवसांनी मी आबांना फोन लावला. गोड आवाजात — आवाज तर माझं भांडवलच. म्हटलं, “आबा, दादा भोळा आहे, तो मागायचा नाही. पण घरच्यांच्या मनात गाडी आहे. मोठी. मी बोलले हे त्याला कळू देऊ नका, तुम्ही आपल्या हौसेने दिल्यासारखं करा.” घरच्यांच्या मनात! घरच्यांना पत्ताही नव्हता. आबा म्हणाले, “बठ्ठं व्हई जाई, बेटा.” सगळं होऊन जाईल. बेटा म्हणाले मला.

हळदीच्या दिवशी गाडी आमच्या दारात उभी, बॉनेटवर हार घालून. दादा भडकला, लग्नच नको म्हणायला लागला. आबांनी त्याचा हात धरला, “माझी हौस आहे, जावईबापू. म्हाताऱ्याची हौस मोडू नका.” शब्द मी पढवलेले. त्यांना चाळीसगावच्या घरावर मजला चढवायचा होता. गच्चीवर सळया अजून उभ्या आहेत, गंजल्यात, मजला काही झाला नाही. आबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या दहाव्याला मी त्याच गाडीतून गेले.

आता हे फक्त मलाच ठाऊक, असं मी धरून चालले होते. सुटले, असंही वाटलं होतं — हो, वाटलं होतं.

आणि परवाचा कार्यक्रम — अहो, काय रंगला! हॉल खचाखच, लोक पायऱ्यांवर बसलेले. पहिल्या रांगेत आई, दादा, वहिनी. वहिनी माझ्या कार्यक्रमांना कधी येत नाही, ऐन वेळी तिचं काही ना काही निघतं. या वेळी दादाने ओढूनच आणली. मी तर नुसती हवेत होते! ‘सौदा’वर ड्रम्स थांबले आणि काय सुचलं कोण जाणे, मी माइक लोकांकडे फिरवला. “ज्यांच्या घरी हुंडा घेतला नाही, फक्त त्यांनी गायचं! बाकीच्यांनी गप्प बसायचं!”

अख्खा हॉल गायला लागला. आई गात होती. दादा हात वर करून, बेसूर, मनापासून गात होता. वहिनीने मात्र तोंड उघडलं नाही. रागावलेली दिसत नव्हती, रडतही नव्हती. माझ्याकडे बघत गप्प बसली होती, मी सांगितलं होतं तशी. तिला माहीत होतं. आबांनी सांगितलं असेल? की मी फोन केला तेव्हा ती शेजारीच बसली होती? सगळं माहीत असून इतकी वर्षं ती मला ताटावर आग्रह करत आली, दादाला एका शब्दाने बोलली नाही.

मला तिथे थांबता आलं असतं. माइक खाली ठेवता आला असता. लोक गात होते, टाळ्यांनी ठेका धरत होते, आणि माझ्या आवाजाची वाट बघत होते. मी वहिनीवरची नजर काढली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळला. वरच्या पट्टीत. त्या हॉलमध्ये सगळ्यात मोठ्याने मी गायले.