कुंपणाचा राखणदार

टेकडीवरचं गायरान कुणा एकाचं नव्हतं, म्हणूनच सगळ्यांनी ते जिवापाड जपलं होतं. एक वर्ष अर्धी टेकडी चराईला मोकळी, पुढच्या वर्षी उरलेली. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. याच गायरानावर ताईने शेळ्या राखल्या आणि आईमागे धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं.

मग राजधानीतून हुकूम सुटला. साऱ्या मुलखातल्या पडीक जमिनीवर एकाच जातीची झाडं, भोवती तारेचं कुंपण. बैठकीत कुणीतरी विचारलं, "मग जनावरं चरायची कुठे?"

"चाऱ्याचं खातं वेगळं आहे," वनखात्याचे साहेब शांतपणे म्हणाले.

राखणदार म्हणून गावानेच भावाचं नाव पुढे केलं. तो हरखून गेला. त्यांच्या घरात बांधलेला पगार आजवर कुणी पाहिला नव्हता. खाकी सदरा आला, त्याची सैल बटणं ताईनेच टाचून दिली.

उन्हाळ्यात कुठेच काडी उरली नाही, तेव्हा ताईच्या शेळ्या तारेखालून आत शिरल्या. नेमकी त्याच दिवशी तपासणी. साहेबांची गाडी पायथ्याशी दिसत होती. भावाने शेळ्या हाकल्या आणि कोंडवाड्यात घातल्या.

संध्याकाळी ताई आली.

"माझ्याच दिसल्या का रे तुला?"

"तुझ्या सोडल्या तर उद्या सगळं गाव आत शिरेल. नोकरी आहे ही, ताई."

"टेकडी गावाचीच आहे. गावाला बाहेर कुणी काढलं?"

कुंपणच शेत खायला लागलं, असं लोक त्याच्या तोंडावर बोलू लागले. ताईने शेळ्या सोडवल्या त्या खाटकाला द्यायलाच. घराला कुलूप घालून ती शहरात लेकीकडे गेली.

झाडांनी टेकडीच्या मुरमात मूळ धरलंच नाही. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली, तीही वाळली. खड्डे मोजून जिल्ह्याला बक्षीस मात्र मिळालं.

रजा काढून तो ताईला भेटायला गेला. लेकीच्या स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी तिची वळकटी होती. तिने चहा टाकला.

"घरी चल," तो म्हणाला. "नव्या शेळ्या घेऊ."

"चारायच्या कुठे? तुम्ही आत सोडाल?"

न्हाऊमाखू घालून वाढवलेल्या भावाला ती पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाली होती. त्याने खाली मान घालून चहा संपवला आणि परतीची एसटी कधी आहे ते भाचीला विचारलं. सकाळी तो पुन्हा खाकी सदरा घालून कुंपणावर हजर झाला.