तीन नंबरची खोली

सदर व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका असून एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात कायम रात्रपाळीस कार्यरत आहे. वय: चाळिशी उलटलेली. ओळखीची खूण: दोन्ही डोळ्यांखाली. वेतन: भरघोस, नेमका आकडा सर्व नातेवाइकांस तोंडपाठ. स्थावर मालमत्ता: स्वतःच्या नावे सदनिका एक, झोपण्याच्या खोल्या तीन, पैकी तिसरी सदर व्यक्तीस दिवसा निद्रेकामी राखीव. अवलंबून असणाऱ्या व्यक्ती: वेळोवेळी बदलतात, कमी होत नाहीत.

ही तिसरी खोली म्हणजे घर घेताना सिस्टरने घातलेली एकुलती एक अट. (कामावर तिला सगळे सिस्टर म्हणत. हळूहळू घरातही तेच नाव पडलं. नवराही फोनवर ‘सिस्टर उठली की सांगतो’ म्हणू लागला, तेव्हा तिने तक्रार करणं सोडून दिलं.) बाकी घर तुम्हाला हवं तसं घ्या, पण एका खोलीला जाड पडदे लावा आणि मी सकाळी आले की मला दार लोटून झोपू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हप्ता तिच्या पगारातून जायचा होता. माना डोलवायला कुणाचं काय जातंय.

नवरा विमा कचेरीत होता. ‘आमची ही माझ्या तिप्पट मिळवते’ असं तो चारचौघांत अभिमानाने सांगे. सूर मात्र, आपली जुनी स्कूटर अजून किती पळते ते सांगणाऱ्या माणसाचा.

घराचा रंग वाळतोय न वाळतोय तोच सासूबाईंचे धाकटे भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. आठवडाभरासाठी. त्यांना झोपवायचं कुठे, हा प्रश्न सासूबाईंनी चटकन सोडवला.

“तुझी खोली रात्री रिकामीच असते ना गं?”

“असते, पण…”

“मग झालं तर. रात्री मामा, दिवसा तू. पलंग काय थकतोय?”

पलंग थकत नव्हता हे खरं. ठरलं असं की सिस्टर यायच्या आत मामांनी उठावं. मामा हा करार झोपेत विसरत.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी सिस्टर घरी आली, पर्स ठेवली, खोलीचं दार उघडलं. पलंगावर मामा उताणे, तोंड किंचित उघडं. दुसऱ्या कुणीही त्यांना गदागदा हलवलं असतं. सिस्टरने उभ्याउभ्या त्यांच्या छातीकडे पाहिलं. श्वास ठीक. डोकं खाली गेलं होतं, म्हणून दुसरी उशी सारली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बाजूच्या कुशीवर वळू नयेत म्हणून पाठीशी लोड लावला. पाण्याचा पेला हाताशी ठेवला, पांघरूण नीट केलं, पडदा ओढला, दार आवाज न करता बंद केलं आणि बाहेर सोफ्यावर येऊन पडली. पाठ टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण स्वतःच्या हाताने आपली खोली दुसऱ्याला अंथरून दिली. पण झोपलेल्या पेशंटला उठवायचं नाही, ही सवय अर्ध्या आयुष्याची. हातांना कोण समजावणार?

सोफ्यावर झोपणं म्हणजे चौकात झोपणं. कुकरच्या शिट्ट्या होत, टीव्हीवरच्या सुना रडत, बेल वाजे आणि शेजारीण आत येऊन म्हणे, “झोपल्यात का? नाही, बीपीच बघायचं होतं. नुसता हात पुढे करते, तुम्ही डोळे मिटूनच बघा.”

मामांचा डोळा बरा झाला. मामा गेले नाहीत. ते आपल्या मित्राला फोनवर सांगत, “इथे फार उत्तम सोय आहे हो. सकाळी कुणीतरी हळूच येऊन पांघरूण घालून जातं. आमच्या घरी पाणी मागितलं तरी आधी कशाला हवंय ते विचारतात.” सासूबाई म्हणत, त्याला इथली हवा मानवलीय. सिस्टर दात-ओठ खात दार उघडायची आणि उशी सारून बाहेर यायची.

मग एकदा कामावर तिने इंजेक्शनची बाटली हातात घेतली, वरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि ते नाव आहे की नक्षी हेच तिला कळेना. तिने बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि सोबतच्या सिस्टरला म्हणाली, “हे तू दे. मला दिसत नाहीये.” पेशंटला काही झालं नाही. पण मेट्रनच्या कानावर गेलंच.

“घरी झोपत नाहीस का?”

“सोफा आहे, मॅडम.”

“सोफा? तीन बेडरूमचा फ्लॅट आहे ना तुझा? सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे.”

“चार असत्या तरी सोफाच असता.”

“हे बघ, उद्या तुझ्या हातून काही झालं तर माझ्याकडे उत्तर नाही. झोप घेऊन येत जा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दिवसपाळी लावते.”

दिवसपाळी म्हणजे रात्रीचा भत्ता बंद. भत्ता बंद म्हणजे हप्ता बंद. हप्ता बंद म्हणजे तिन्ही खोल्या गेल्या, मामांसकट. या शेवटच्या भागाचा मोह तिला क्षणभर पडला.

दुसऱ्या सकाळी मामा नाश्त्याला उठेपर्यंत ती टेबलाशी बसून राहिली.

“मामा, तुमचा डोळा आता बरा आहे. उद्या तुम्हाला डिस्चार्ज.”

मामांनी कप खाली ठेवला. “डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर कुठून आले? हे घर आहे, मामा.”

“ते आहेच. पण डिस्चार्ज डॉक्टरच देतात ना? सिस्टरने दिलेला मी तरी ऐकला नाही.”

“आणि रोज सकाळी तूच त्याला बघून येतेस,” सासूबाई म्हणाल्या. “बरा असता तर बघायला कशाला गेली असतीस?”

सिस्टरने नवऱ्याकडे पाहिलं. तो मघापासून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होता.

“आईचं बरोबर आहे,” तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून, “तुझंही बरोबर आहे.”

“मग माझी खोली?”

“खोली कुठे जातेय? तुझ्याच नावावर आहे.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की बोलता बोलता आपण मामांचं मनगट धरलंय आणि नाडी बघतोय. नाडी उत्तम होती. तिने मनगट सोडलं आणि ती सोफ्यावर जाऊन पडली.

त्यानंतर पाळी संपल्यावर ती घरी गेलीच नाही. वॉर्डाच्या टोकाला धुतलेल्या चादरींची खोली होती, खिडकी नसलेली. किल्ली वॉर्डातल्या सफाईच्या मावशींकडे असे.

“इथे झोपणार? आणि तुमचं एवढं घर?”

“घरी पेशंट आहे.”

मावशींनी कुलूप उघडलं. खालच्या फळीवर ब्लँकेटांची थप्पी पसरली आणि दारावर ‘आत फवारणी चालू आहे’ अशी पाटी अडकवून त्या निघून गेल्या.

दिवसपाळी टळली. मेट्रनने, घरी नीट झोप मिळतेय वाटतं, असं समाधान व्यक्त केलं. घरी सगळ्यांनी समजूत करून घेतली की सिस्टर डबल ड्यूटी करते, आणि नवरा चारचौघांत ‘चौपट’ म्हणू लागला.

सदर व्यक्तीच्या नावे तीन झोपण्याच्या खोल्यांची सदनिका असल्याची नोंद कायम आहे. तिसरी खोली राखीव आहे. सदर व्यक्ती चादरींच्या खोलीत झोपते.