हसऱ्या स्वभावाचं इंग्रजी

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. कुणी जासईचं नाव काढलं की मी विषय बदलत आलो. आता वय झालं आहे. ती मुलगी जिथे कुठे असेल तिथे अजूनही स्वतःलाच दोष देत असेल, हे मनातून जात नाही. म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी दिवसा पनवेलला कारकुनी करायचो आणि संध्याकाळी एसटीने जासईला जाऊन शाळेच्या एका खोलीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्यायचो. बंदरासाठी जमिनी गेल्या होत्या, मिठागरं गेली होती. आता नोकरी तरी लागेल म्हणून पोरंपोरी यायची. मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणतात, त्याची मी तयारी करून घ्यायचो. फळ्यावर लिहायचो चिअरफुल, लाइव्हली, जॉली. मग एकेकाने उभं राहून ते शब्द स्वतःला लावून म्हणायचे. साहेब लोकांना रडकी माणसं नको असतात, हे मी ठासून सांगायचो.

वर्गात गावातलीच एक मुलगी होती, विशीतली. उशीर झाला की ती दारातूनच कंडक्टरची नक्कल करत आत यायची आणि मी रागावायचं विसरून जायचो. मी खडू फुंकतो त्याचीही ती नक्कल करायची. पण "आय ॲम चिअरफुल" म्हणायची वेळ आली की अडून बसायची.

"सर, मी हसरी हाय हे मीच कसं सांगू? ते लोकांनी सांगायचं असतं."

"लोक येणार आहेत का तुझ्याबरोबर मुलाखतीला?"

"मग त्या साहेबाला डोले नाय का? बघील ना तो."

वर्ग हसला. तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे हसतमुख म्हणतात ते दुसऱ्याला. स्वतःला कुणी म्हणवून घेत नाही. तरी मी तिच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं.

बेलापूरच्या एका खासगी ऑफिसात टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. तिथल्या साहेबाशी माझी ओळख होती. मी हिचं नाव सांगितलं, मुलाखत ठरली आणि मधेच तिचे वडील वारले. मुलाखत नेमकी दहाव्याच्या दिवशी येत होती.

मी साहेबाला जाऊन भेटलो. तो भला माणूस होता. म्हणाला, "मग पुढच्या आठवड्यात पाठवा. मला घाई नाही."

मी मान हलवली. पण जिना उतरता उतरता वाटलं, तेवढ्यात पनवेलचा दुसरा वर्गवाला आपली मुलगी घुसवेल. माझी नवी बॅच सुरू व्हायची होती आणि आपल्या वर्गातून पहिली नोकरी लागली, हे मला गावभर सांगायचं होतं. जासईला जाऊन मी तिला म्हणालो, "तारीख बदलत नाही म्हणतात."

ओटीवर तिची आत्या बसली होती. "मास्तर, सुतकात हाय पोर. आमी खाडीवर पिंड ठेवनार नि ही तिकडं दात दाखवाया जानार?"

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "जाऊ दे तिला. घरात कमावनारा कोन हाय आता."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "सर, खरंच नाय बदलत?"

"नाही," मी म्हणालो. "आणि तिथे रडायचं नाही. शिकवलंय तसं बोलायचं."

त्या दिवशी मी तिला घेऊन बेलापूरला गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. साहेब रजेवर होता, मुलाखत दुसराच कुणी घेत होता. मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. दार अर्धवट उघडं होतं. "आय ॲम अ चिअरफुल अँड लाइव्हली पर्सन." वर्गात तिने ते इतकं स्वच्छ कधीच म्हटलं नव्हतं. तिला तिथल्या तिथे नोकरी मिळाली.

संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा कळलं, पिंडाला कावळा शिवला नव्हता. दुपार कलेपर्यंत माणसं खाडीवर उन्हात उभी होती. भावकीने हात जोडून कबूल केलं, तुझ्या बायकोला सांभाळू, धाकट्या पोराला शिकवू. कावळे यायचे, लांब बसायचे, उडून जायचे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आत्याने तिला उंबऱ्यातच गाठलं. "तुझीच वाट बघत व्हता तो."

ती पर्स हातात धरून उभी राहिली. मी तिच्या मागेच होतो. हिला मी नेलं, खोटं बोलून नेलं, एवढं तेव्हा म्हणता आलं असतं. एसटी चुकेल असं काहीतरी पुटपुटत मी निघालो.

काही दिवसांनी ती पेढे घेऊन वर्गात आली. पुडा टेबलावर ठेवला. "सर, तुमचे शब्द कामाला आले." एक पोरगा म्हणाला, "ए, कंडक्टर कर ना एकदा." ती म्हणाली, "आता नाय येत." पुन्हा ती वर्गात आली नाही. नवी बॅच मात्र भरली.

पुढे मी अधूनमधून त्या ऑफिसला फोन लावायचो. पलीकडून तिचा आवाज यायचा, "गुड मॉर्निंग." हसरा, टवटवीत, मी घोटून घेतला होता तसा. मी ठेवून द्यायचो. एकदा मात्र काय बोलायचं ते पाठ करून पोस्टातून फोन लावला.

"गुड मॉर्निंग. कोणाशी बोलायचंय?"

"सॉरी," मी म्हणालो, "राँग नंबर."

"इट्स ऑल राइट, सर," ती त्याच हसऱ्या आवाजात म्हणाली.

पुढच्या वेळी फोन दुसऱ्याच मुलीने उचलला. लग्न होऊन गेली, असं कानावर आलं. कुठे, ते विचारायला जासईला जायची हिंमत झाली नाही.

पाठ केलेलं अजून पाठच आहे. साहेब तारीख पुढे ढकलायला तयार होता. मी तुला सांगितलं नाही. तू त्या दिवशी खाडीवर नव्हतीस ते माझ्यामुळे, तुझा त्यात काही दोष नाही. मला माफ कर, पोरी.