मामांच्या घरचं पाणी

पाण्यावर जगणारी माणसं जगात सगळीच, पण दुसऱ्याला पाणी पाजण्यासाठी जगणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि माझ्या दुर्दैवाने ते माझे सख्खे धाकटे मामा आहेत. दुसऱ्या कुणाचे असते तर मीही पोट धरधरून हसलो असतो. मामांचा फ्लॅट पनवेलजवळ करंजाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बहुतेक वेळा बंद. धापा टाकत दारात पोचलेल्या माणसाला ‘ये, बस’ म्हणायच्या आधी मामा पाण्याचा पेला पुढे करतात. मग तो भाचा असो, कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर दुसऱ्या विंगमध्ये जायचं सोडून चुकून इकडे आलेला कुणी असो. पेला दिला म्हणजे काम संपलं असंही नाही. शेवटचा घोट खाली उतरेपर्यंत मामा समोर उभे राहून त्या माणसाच्या गळ्याकडे बघत असतात. अर्धा पेला उरला तर त्यांचा चेहरा पडतो. “काय रे, पाणी बरोबर नाय?” यावर ‘तहान नाही’ हे उत्तर त्यांना पटत नाही. त्यांच्या लेखी तहान नसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा खोटं बोलत असतो. मामी आतून ओरडतात, “अहो, पिऊ द्या त्याला निवांत. ऑपरेशन चाललंय का?”

इतर रिटायर माणसांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, मामांच्या खिशात टीडीएस मीटर असतो. पाण्यात बुडवली की त्यात क्षार किती विरघळलेत त्याचा आकडा दाखवणारी पेनाएवढी कांडी. लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीला भेटायच्या आधी मामा जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये ही कांडी बुडवून येतात. पनवेलच्या एका खाणावळीत त्यांनी ती सोलकढीत घातली, आकडा बघून “मीटरची लिमिटच संपली रे” असं हताशपणे म्हणाले आणि तीच सोलकढी दोन वाट्या प्यायले. एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर व्यापाऱ्याने प्रेमाने आपल्या माठातलं पाणी दिलं, तर मामांनी आधी कांडी काढली. तो बिचारा बघतच राहिला. “काका, पानी प्यायचंय की ताप बघायचाय त्याचा?” लोक नवीन ओळख झाली की गाव विचारतात, पगार विचारतात, मामा विचारतात, “तुमच्याकडे टीडीएस किती?” माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो, तिथे सगळ्यांच्या देखत त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. लग्न तरीही झालं, हे त्या घरच्यांचं मोठेपण.

एवढ्या जाणकार माणसाने घरात एक बरंसं यंत्र बसवून मोकळं व्हावं की नाही? तर नाही. करंजाड्याला नळाचं पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकर. मामी ते उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि माठात भरायच्या, आणि त्या पाण्याने आजवर कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं. पण मामांना स्वस्थता नाही. आधी आला मेणबत्तीसारख्या पांढऱ्या कँडलचा स्टीलचा फिल्टर. तो थेंब थेंब गळायचा आणि मामा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. मग यूव्हीवाला आला. “जंतू मरतात, पण मेलेले जंतू जातात कुठं?” हा प्रश्न पडल्यावर मामांना ते पाणी गिळवेना. मग आरओ आला. आरओ पाणी शुद्ध करतो, पण शुद्ध करतो त्याहून जास्त फेकून देतो. टँकरसाठी सोसायटीत भांडणं व्हायची, आणि आमच्या मामांच्या घरातली नळी रात्रंदिवस पाणी बाहेर टाकायची. मामांचा जीव तुटायचा. त्या टाकाऊ पाण्याने मामींनी फरशी इतक्यांदा पुसली, की फरशी झिजून खालच्या मजल्यावर उतरेल असं वाटायला लागलं. उरलेलं मामा बादलीने खाली नेऊन बदामाच्या झाडाला घालायचे. महिन्याभरात झाडाने मान टाकली. तेव्हापासून सोसायटीत मामांचं पाणी म्हटलं की लोक जरा जपूनच असतात.

एकदा एक फिल्टर विकणारा पोरगा आला. त्याने ओट्यावर दोन पेले मांडले, एकात मामांच्या घरचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं, आणि विजेच्या पट्ट्या आत सोडल्या. मामांच्या घरचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गाळ तरंगायला लागला. मामी पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या. “बया गं, आमी हे पितो?” मामांनी डब्यातलं चिमूटभर मीठ त्या पोराच्या पेल्यात टाकलं आणि म्हणाले, “आता सोड पट्ट्या.” त्याचंही पाणी तसंच तपकिरी झालं; रंग घाणीचा नव्हताच, क्षारांमुळे झिजणाऱ्या पट्ट्यांचा होता. पोरगा ओशाळला. “काका, केमिकलमध्ये होता काय तुमी?” “नाय रे, क्लार्क होतो. केमिकलवाल्यांच्या फायली वाचायचो.” इथपर्यंत मामा खुशीत होते. मग सवयीप्रमाणे त्यांनी पोराला पाणी दिलं. पोरगा म्हणाला, “नको काका, बाटली हाय माझी,” आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन निघून गेला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

हे सगळं कशासाठी, ते आता सांगितलं पाहिजे. आम्ही बौद्ध, गाव कोकणातलं. मामांच्या लहानपणी वरच्या आळीत आमच्या माणसांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, उंचावरून धरलेल्या तांब्यातून, शिंतोडा उडणार नाही अशा बेताने. त्याबद्दल मामा कधी बोलत नाहीत. ते बोलतात दुसऱ्याच गोष्टीबद्दल. वरच्या आळीतलं कुणी कामासाठी आमच्या दारी आलं, की मामांची आई, म्हणजे माझी आजी, तांब्या राखेने लख्ख घासून, भरून पुढे ठेवायची. तो माणूस म्हणायचा, “आत्ताच पिऊन निघालो.” तांब्या भरलेला होता तसा आत यायचा. “आपल्याला पाणी दिलं नाय त्याचं दुःख तहानेएवढं,” मामा एकदा मला म्हणाले, “आपलं कुणी प्यालं नाय, त्याला काय मापच नाय.” पण गावात निदान कळायचं तरी. इथे नवी मुंबईत प्रत्येकाच्या पाठीवर सॅक आणि सॅकच्या जाळीत बाटली. कोण पोटाला जपतोय आणि कोण जातीला, हे कळायला काही मार्ग उरलेला नाही.

आणि मामांना सगळ्या जगाचं नाही, एका माणसाचं कळून घ्यायचं होतं. महाप्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा त्यांचा एक दोस्त आहे. नोकरी संपेपर्यंत दोघांनी टपरीवरचा कटिंग अर्धा अर्धा घेतला. मामींच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी पडलं, तर हा दोस्त सगळ्यांच्या आधी जाऊन आडवा झाला. पण मामांच्या घरी पाणी तो प्यायला नव्हता. नव्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, “खाली आत्ताच चहा झाला.” पुढे त्याला कावीळ झाली. त्यानंतर आला तेव्हा पिशवीतून बाटली काढून म्हणाला, “डॉक्टरने बाहेरचं पाणी बंद केलंय रे.” मामांच्या मनात ‘बाहेरचं’ हा एकच शब्द रुतून बसला. माझं घर त्याला बाहेर? मी खूप समजावलं. म्हटलं, “मामा, ते स्वतःच्या बहिणीकडे जातानाही बाटली नेत असतील. आणि ज्या माणसाने मामींना रक्त दिलं, तो पाण्यात जात बघेल का?” मामा म्हणाले, “देताना कोण बघतो? बघतात ते घेताना.” “मग सरळ विचारा ना त्यांना!” “विचारलं तर काय म्हणेल? ‘तसं काय नाय रे.’ मनात नसलं तरी तेच म्हणेल, असलं तरी तेच म्हणेल.”

तेव्हा मामांनी ठरवलं, की जगातला कुठलाच डॉक्टर बोट ठेवू शकणार नाही असं पाणी घरात करायचं, म्हणजे दोस्ताकडे सबबच राहणार नाही. मग फिल्टर की डिस्टिलर, या एका प्रश्नावर वर्ष गेलं. मी भेटायला गेलो की मामा विचारणार, “तुला काय वाटतं?” आणि मी काहीही म्हटलं की दुसरी बाजू घेऊन भांडणार. शेवटी डिस्टिलर आला. स्टीलचा डेऱ्यासारखा डबा, वर पंखा, बाजूला नळी. “फिल्टर कितीही भारी असला तरी चाळणीच,” मामा आम्हाला समोर बसवून सांगायला लागले. “यात पाण्याची वाफ होते. त्यात जे काय असेल नसेल ते तळाला बसतं. वर जाते ती निव्वळ वाफ आणि खाली येतं ते निव्वळ पाणी. त्याला टँकर नाय, बोअर नाय, गाव नाय.” “आणि चवही नाय,” मामी म्हणाल्या. ते यंत्र पेलाभर पाण्यासाठी तासन्‌तास खदखदायचं. स्वयंपाकघर तापून जायचं. दुसरी सासू आणून बसवल्यासारखं दिवसभर पुटपुटत असतं, अशी मामींची तक्रार. पण कांडीने शून्य दाखवलं, आणि मामा ते शून्य सगळ्या विंगला दाखवून आले. तळमजल्यावरच्या गृहस्थाने पाणी हुंगलं आणि म्हणाला, “काका, हे तर बॅटरीत घालतात!” दुसऱ्या दिवसापासून लोक रिकाम्या बाटल्या घेऊन दारात यायला लागले, इन्व्हर्टरमध्ये घालायला डिस्टिल वॉटर न्यायला. प्यायला एकानेही मागितलं नाही.

एका रविवारी सकाळी मामांनी दोस्ताला बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून असावं. दोस्त आला, सोफ्यावर टेकला, पिशवी शेजारी ठेवली. मामांनी पेला आणला आणि त्यात कांडी बुडवून आकडा त्याच्या चष्म्यासमोर धरला. “शून्य आहे. बघ. डॉक्टरला सांग तुझ्या.” दोस्त हसायला लागला. “लॅब उघडलीस काय रे घरात?” म्हणाला, पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. वर म्हणाला, “अजून दे. जिने चढून जीव गेला माझा.” दुसराही पेला प्याला. पिशवीतली बाटली बाहेर आली नाही. मामी दाराआड डोळे पुसत होत्या. दोघांनी ऑफिसातल्या सगळ्या साहेबांची यथेच्छ निंदा केली, आणि दोस्त पाठीवर थाप मारून घरी गेला.

त्याला खाली रिक्षापर्यंत सोडून मामा वर आले आणि तो रिकामा पेला हातात घेऊन बसले. मामी म्हणाल्या, “झालं ना आता समाधान?” मामा म्हणाले, “प्याला खरा. पण मशीनचं प्याला तो. आपलं कुठं प्याला?” मी चिडलो. इतका चिडलो, की मामांशी आयुष्यात कधी बोललो नाही अशा आवाजात म्हणालो, “मामा, आता काय बाकी राहिलं? पाणी तुमच्याच घरचं होतं ना?” मामा पेल्याच्या तळाकडे बघत म्हणाले, “त्यात आपलं होतं काय? होतं नव्हतं ते सगळं मीच काढून टाकलं.” एवढं बोलून ते उठले, यंत्राचं बटण बंद केलं आणि माठातलं पाणी घटाघटा प्यायले. या माणसाच्या दुःखावर इलाज नाही, हे मला तेव्हा कळून चुकलं. त्यांचा राग येत होता, आणि ज्यांनी त्यांच्या आईचा तांब्या भरलेला परत पाठवला त्या सगळ्यांचा त्याहून जास्त येत होता. त्यांच्यापैकी आता कुणी हयातही नसेल, मग भांडायचं तरी कुणाशी?

आता ते यंत्र आठवड्यातून एकदा चालतं, विंगमधल्या इन्व्हर्टरसाठी. मामांच्या घरचं पाणी मागून घेतात आणि कसलीही शंका न काढता पितात, त्या बॅटऱ्याच. आरओ भंगारवाल्याने नेला. पाणी पुन्हा पहिल्यासारखं उकळून, गाळून माठात भरलं जातं, आणि खिशातली कांडी हल्ली बाहेर निघत नाही. मी परवा गेलो तर पेला हातात दिला, पण मामा गळ्याकडे बघत उभे राहिले नाहीत. खिडकीशी जाऊन बसले. मला सांगितलंच पाहिजे, ते उभे असायचे तेच बरं होतं.

मग म्हणाले, दोस्ताचा फोन आला होता. रविवारी येतो म्हणाला. मामांनी त्याला मुद्दाम सांगितलं, की यंत्र बिघडलंय, आता घरात टँकरचंच पाणी आहे, हिने उकळून माठात भरलेलं. “सांगितलं, आणि गप्प झाला रे तो जरा.”

“मग?”

“मग म्हणाला, बरं, येतो.”

मी म्हटलं, “मामा, रेंज गेली असेल.”

“हां,” मामा म्हणाले. “तसंच असेल.” आणि उठून माठ धुवायला घेतला, खरं तर तो मामींनी सकाळीच धुऊन भरला होता. सगळं पाणी ओतून दिलं, हात आत घालून तळापर्यंत घासला, पुन्हा घासला. मी दारात उभा राहून नुसतं बघत होतो. करंजाड्याला रेंजचा प्रॉब्लेम आहे, हे मात्र अगदी खरं आहे.