कम्प्युटर महेश्वरीनं बंद केला

पूर्णेत कुणाचा कम्प्युटर अडला की शिवप्रकाशला बोलावणं येतं. रेल्वेतल्या बापाचा हा मुलगा पुण्याला न जाता गावातच राहिला आणि दुकानदारांना लागणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागला. त्याचा त्याला भारी अभिमान. माणूस गुणी, पण आपलं चुकलं म्हणायची वेळ आली की मान खाजवत दुसरीकडं बघणारा.

कल्याणरावांच्या फोटो स्टुडिओला त्यानं एक प्रोग्रॅम करून दिला होता. बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो कम्प्युटरमध्ये यायचे आणि कार्ड मोकळं व्हायचं. घरी दहा-बारा फोटोंवर करून पाहिलं, झटक्यात झालं. लग्नाचे फोटो हजारांनी असतात, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

स्टुडिओचा कम्प्युटर महेश्वरी चालवायची. पोखर्णी गावातल्या लग्नाच्या फोटोंचं कार्ड लावून तिनं बटण दाबलं आणि पडदा पांढरा पडला. माऊस हलेना. चहा पिऊन झाला तरी तसंच. हँग झाला समजून तिनं कम्प्युटर बंद केला. कुणीही केला असता. आत मात्र फोटो उचलणं आणि कार्ड पुसणं चालूच होतं, ते अर्ध्यात तुटलं. अक्षता पडतानाचे सगळे फोटो गेले.

मुलीकडचे येऊन नको नको ते बोलून गेले. कल्याणरावांनी शिवप्रकाशला बोलावून महेश्वरीसकट सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या प्रोग्रॅममदी काई खोट हाय का?"

"न्हाई काका. ताईंनी घाई केली," शिवप्रकाश मान खाजवत दुसरीकडं बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून महेश्वरीला फ्रेमा पुसायला बसवलं.

घरी शिवप्रकाशनं प्रोग्रॅम उघडला आणि त्याची कानशिलं तापली. फोटो उचलणं आणि पडदा सांभाळणं, दोन्ही कामं त्यानं एकाच थ्रेडवर, म्हणजे जणू एकाच गड्याच्या गळ्यात, टाकली होती. उचलणं संपेपर्यंत पडद्याकडं बघायला कुणी नव्हतंच. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ताट तसंच ठेवून तो दुरुस्तीला बसला. फोटोंचं काम त्यानं मागं वेगळ्या थ्रेडवर नेलं, किती फोटो आले ते पडद्यावर दिसेल असं केलं, 'थांबवा'चं बटण दिलं. सगळे फोटो नीट आल्याशिवाय कार्ड पुसलं जाणार नाही, याचीही सोय केली.

स्टुडिओत नेऊन दाखवलं. फोटो येताहेत आणि माऊसही खुशाल फिरतोय. कल्याणराव खूश झाले. तेव्हा कुठं शिवप्रकाशनं तोंड उघडलं.

"काका, चूक ताईंची नव्हती. माझीच होती."

कल्याणराव हसले. "लय मोठ्या मनाचा हाईस बाबा. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायलास."

"न्हाई काका, खरंच..."

"ऱ्हाऊ दे. तुझ्या शब्दाखातर बसवतो तिला परत." आणि ते गिऱ्हाइकाकडं वळले.

शिवप्रकाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महेश्वरी फडकं ठेवून उठली, कम्प्युटरसमोर बसली आणि त्याच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "काकांनी इचारलं तवा मी तुमच्याच तोंडाकडं बघायलते, दादा."